नवीन स्प्रिंग एअरगन 10 मीटरवर झिरोच (नेम धरला तिथंच छरा लागणं) होत नाहीये, काय चुकतंय?

कृष्णाकाठचा_नेमबाज:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात .177 ची (4.5 मिलिमीटर छऱ्याची), नळी मोडून कॉक करायची (स्प्रिंग दाबून बसवायची) साधी स्प्रिंगवाली रायफल घेतली, बजेटमधलीच, सोबत 4x32 चा स्कोप (चौपट मोठं दाखवणारी नेमाची दुर्बीण) आला होता. घरामागं परड्यात 10 मीटर मोजून टार्गेट लावलंय. पहिला छरा डावीकडं लागला म्हणून स्कोप फिरवला तर पुढचा उजवीकडं खाली, परत फिरवला तर भलतीकडंच. चहाच्या बशीएवढ्या जागेत कुठंही लागतंय. काल संध्याकाळी जरा जमलं असं वाटलं आणि आज सकाळी परत सगळं खाली. सुरुवातीला नळीतून धूर पण यायचा, आता कमी झालाय. दीडशे-एक छरे उडवलेत. बंदूक खराब आहे का माझंच काहीतरी चुकतंय? परत द्यायची तर मुदत संपत आलीय, म्हणून जरा घाईनं विचारतोय.

जुना_दस्ता:
भाऊ, आधी स्कोपला हात लावणं बंद करा. एकेका छऱ्यावर स्कोप फिरवत बसलात तर जन्मात झिरो होणार नाही. एकाच जागी नेम धरून पाच छरे मारायचे, ते कुठं पडले त्याचा मध्य बघायचा आणि मगच फिरवायचं. आणि तुमचे पाच छरे बशीभर पसरतायत म्हणजे अजून फिरवण्यासारखं काही हातातच नाही.

धुराचं टेन्शन घेऊ नका, नव्या बंदुकीत सिलिंडरमधलं तेल जळतं, तोवर प्रत्येक छऱ्याचा वेग वेगळा. अजून शंभरेक छरे जाऊ द्या. फक्त छरा न घालता घोडा ओढू नका, पुढं हवेची गादी मिळत नाही आणि पिस्टन थेट आपटतो.

आता दस्त्याचे स्क्रू बघा, पुढचे दोन आणि घोड्याजवळचे. स्प्रिंगच्या दणक्यानं ते सुटतातच, मी दर शंभर छऱ्यांनी बघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पकड. स्प्रिंगची बंदूक आधी मागं येते, मग पिस्टन पुढं जाऊन थांबला की पुढं झटका देते, आणि हे सगळं छरा नळीत असतानाच चालू होतं. तुम्ही आवळून धरली की दर वेळी ती वेगळी उडी मारते. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवा, बोटं मिटायची नाहीत, बंदूक नुसती त्यावर ठेवायची, खांद्याला हलकी टेकवायची आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून तर अजिबात मारू नका.

मला विचाराल तर स्कोप काढून ठेवा आणि महिनाभर बंदुकीच्या साइटवरच (नेम धरायची खाच आणि माशी) मारा. मागची साइट जिकडं सरकवाल तिकडं छरा जातो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

माळरान77:
वरच्याशी सहमत, फक्त छऱ्यांचं राहिलं. सुट्या मिळणाऱ्या स्वस्त चपट्या छऱ्यांत दबलेले, वाकड्या घेराचे खूप निघतात. तीन-चार प्रकारचे थोडे थोडे आणा, गोल डोक्याचे नक्की बघा, आणि जो ग्रुप (एकाच नेमावरच्या छऱ्यांचा पसारा) लहान देईल तोच डबा कायम.

स्कोपवर पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) लिहिलं असेल तर 10 मीटरवर एका क्लिकला छरा जेमतेम 0.7 मिलिमीटर सरकतो. म्हणजे 1 सेंटिमीटरसाठी 14 क्लिक. बरेच जण दोन क्लिक फिरवतात आणि म्हणतात काही होत नाही. आणि काल-आजचा फरक म्हणाल तर माउंट (स्कोपला बंदुकीवर धरणाऱ्या रिंगा) झटक्यानं मागं सरकतोय का बघा, माउंटच्या मागं रेलवर (तो बसतो त्या खाचेच्या पट्टीवर) पेन्सिलनं खूण करा, 20 छऱ्यांनी कळेल.

कृष्णाकाठचा_नेमबाज:
दादा, पुढचे दोन्ही स्क्रू एक-एक आटा ढिले होते!! ते आवळले, तळवा उघडा ठेवून मारलं, ग्रुप एकदम निम्म्यावर आला. खूप आभार. माउंट पण सरकत होता, आवळलाय. पण आता सगळे छरे 5 सेंटिमीटर खाली लागतायत आणि स्कोपचा वरचा नॉब (छरा वर-खाली करणारा) शेवटपर्यंत गेला. नळी वाकडी आहे का?

जुना_दस्ता:
लगेच नळीला दोष नको. स्कोप नळीच्या 4 सेंटिमीटर वर बसलेला असतो, त्यामुळं जवळच्या अंतरावर छरा आधीच खाली लागतो, त्यात मोडणाऱ्या नळीचं तोंड जरा खाली झुकलेलं असलं की नॉब पुरत नाही. शेवटपर्यंत फिरवलेल्या नॉबवर झिरो ठेवू नका, आतली स्प्रिंग ढिली पडते आणि झिरो हलत राहतो. मागच्या रिंगमध्ये स्कोपखाली जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या घाला. दोन रिंगांत 10 सेंटिमीटर अंतर असेल तर अर्धा मिलिमीटर उचलला की 10 मीटरवर 5 सेंटिमीटर वर येतं. त्याहून जास्त लागत असेल तर ॲडजस्ट होणारा माउंट घ्या, नाहीतर स्कोपची नळी दबेल.

रेंजवरची_ताई:
मी मुलांना 10 मीटर शिकवते म्हणून एक विचारते, टार्गेटच्या मागं काय लावलंय? फळी किंवा भिंत असेल तर आजच बदला, छरा उसळून डोळ्यात येतो. खोक्यात जुन्या साड्या-चिंध्या गच्च भरा, मागं जाड लाकूड आणि त्यामागं मातीचा ढीग. चष्मा लावाच. छरा घालताना नळी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवायची, ती सटकली तर बोटं जातात. छरे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. आणि परड्यात पाखरं येत असतील तर त्यांच्यावर चुकूनही नेम नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.

कृष्णाकाठचा_नेमबाज:
ताई, भिंतच होती, आज खोकं केलं. स्कोप सध्या काढूनच ठेवलाय. साध्या साइटवर आज शेवटचे पाच छरे दहाच्या नाण्याखाली झाकले गेले. बंदूक परत देत नाही. गोल डोक्याचे छरे रविवारी आणतो आणि दोन्हींचे ग्रुप इथं टाकतो.