पार्किन्सनवर स्टेम सेल: उंदराचा व्हिडिओ खरा का खोटा?

हळदवाला_सांगली:
आमचे आबा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. वहीतलं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं तेव्हा कळलं, पार्किन्सन. आता एक सेंटरवाला म्हणतोय कंबरेच्या हाडातनं मज्जा काढून त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे दुसऱ्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, शिरेतनं सोडतो, वर व्हिडिओ पाठवलाय, गोल फिरणारा उंदीर नंतर सरळ चालतोय. आई म्हणते दोन एकर गहाण टाकू. काय करावं?

मिरजेचा_लॅबवाला:
व्हिडिओ खरा असंल बी, पण त्यात काय चाललंय ते बघा की. उंदराच्या मेंदूत एकाच बाजूला ६-हायड्रॉक्सिडोपामिन हे विष टोचतात, त्या बाजूच्या डोपामिनच्या (हालचालीला लागणारं रसायन, पार्किन्सनमध्ये हेच कमी पडतं) पेशी मरतात, मग ॲम्फेटामिन हे उत्तेजक औषध दिलं की ते घाण्याच्या बैलागत फिरतंय. फेऱ्या मोजायच्या, पेशी लावायच्या, काही महिन्यांनी परत मोजायच्या. कमी झाल्या म्हणजे नव्या पेशी डोपामिन सोडायला लागल्या, एवढंच. उंदराला एकदाच दणका बसलेला असतो, आबांचा आजार रोज पुढं सरकतोय. आणि त्या पेशी लॅबमध्ये डोपामिनच्या वळणावर आणून थेट मेंदूत सोडलेल्या असतात. कंबरेची मज्जा शिरेतनं सोडून तिथं डोपामिनच्या पेशी कशा तयार होणार राव?

कृष्णाकाठ:
+१. पण सगळंच थोतांड नाही हं. क्योटोवाल्यांनी २०१७ साली माकडांवरचं काम छापलं, एमपीटीपी हे विष देऊन पार्किन्सनसारखा आजार केलेली माकडं, माणसाच्या आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी लॅबमध्ये परत मूळ पेशींसारख्या केलेल्या) बनवलेल्या डोपामिनच्या पेशी लावल्या, दोन वर्षं बघितलं, हालचाल सुधारली आणि ट्यूमर झाला नाही. मुख्य धास्ती ट्यूमरचीच असते, एखादी कच्ची पेशी राहिली की वाढत सुटते. मग माणसांवर ट्रायल, २०२५ ला रिझल्ट आला, पेशंट किती तर सात.

कराडची_सूनबाई:
माझ्या मामांनी असंच एका ठिकाणी केलं, पैसे गेले आणि थरथर तशीच. आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन वाचा, पार्किन्सनला स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच आणि ट्रायलला पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की तिथंच उठायचं. आबांची लेव्होडोपाची (डोपामिनची कमी भरून काढणारी) गोळी जेवणाबरोबर देताय का? डाळ-दुधातल्या प्रोटीननं ती नीट लागू होत नाही, डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी द्या.

हळदवाला_सांगली:
डाळभातावरच देत होतो, उद्या विचारतो. गहाणखत कॅन्सल. आबांना सगळं वाचून दाखवलं तर म्हणतात, उंदराच्या फेऱ्या लिहायला दिवाणजी लागत असंल तर विचार, अक्षर बारीक आहे म्हणावं, वही लवकर भरायची नाही.