मदत हवी आहे: रोजची पंधरा मिनिटं कुठे बसू?

जय ख्रिस्त मंडळी. मी नागपूरची; राहायला मेकोसाबाग, नोकरी हिंगणा एमआयडीसीत. साडेसातला घर सोडते, परतायला सात वाजतात. दोन खोल्या, पाच माणसं. मला रोज फक्त पंधरा मिनिटं देवासमोर गप्प बसायचंय, काही न मागता.

पहाटे पाचला उठून पाहिलं. बायबलच्या मार्क 1:35 मध्ये प्रभू येशू अंधारातच एकांतात गेला, तेच डोक्यात होतं. आठ दिवस टिकलं. नळ नेमका तेव्हाच येतो. डोळे मिटले की आधी पाण्याचा गुंड (हंडा) भरल्याचा आवाज कानावर पडतो, मग कूलरमध्ये पाणी, मग सासूबाईंचा चहा. फोनवर बायबल उघडलं की वरून शाळेच्या ग्रुपचे मेसेज टपकतात, म्हणून आता छापील प्रत पर्समध्ये असते. मेट्रोत बर्डी (सीताबर्डी) ते लोकमान्य नगर बसायला मिळतं. स्तोत्र 119 चे आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, त्यातला एक रोज वाचून होतो. पण वाचणं वेगळं आणि स्तब्ध बसणं वेगळं, निदान माझ्यासाठी तरी.

रविवारची उपासना चुकत नाही, तेव्हा तो सल्ला नको. दोन-तीन दिवसांच्या रिट्रीटला (प्रार्थना शिबिराला) सुट्टी मिळणार नाही. पंथाची अट नाही, कॅथलिक चर्चही चालेल.

तर बर्डी किंवा सदर भागात आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आत जाऊन बसता येईल असं उघडं चर्च कोणतं? आणि मेट्रोच्या गर्दीत कुणाला मन स्थिर ठेवणं जमलं असेल, तर नेमकं काय करता?