वसईचे ख्रिस्ती इंग्रजांच्या काळातले नव्हेत
वसईतील ख्रिस्ती समाज इंग्रजी राजवटीत घडला, हे विधान मला पटत नाही. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि तेथील धर्मांतरे त्यानंतरची, म्हणजे इंग्रजांचा अंमल येण्याच्या बरीच आधीची आहेत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज गेले, परंतु वाडीत राबणारा हा बागायतदार समाज आपल्या चर्चसह तेथेच राहिला. आडनावे डिमेलो, लोपीस अशी असली, तरी घरातली सामवेदी बोली मात्र शेजारच्या सामवेदी ब्राह्मणांशी नाते सांगणारी आहे (धर्म बदलला, बोली नाही). याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.