लेस्टर सिटी २०१५-१६: काउंटर अटॅक की बचाव?

डावा_विंगर
लेस्टर सिटीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली त्या सीझनबद्दल सगळीकडे एकच वाचायला मिळतं: मागे बसायचं, बॉल मिळाला की स्ट्रायकर व्हार्डीसाठी लांब मारायचा, म्हणजे काउंटर अटॅक. पण निकाल पाहिले तर मार्चमध्ये वॉटफर्ड, न्यूकॅसल, क्रिस्टल पॅलेस आणि ३ एप्रिलला साउदॅम्प्टन, ओळीने चारही सामने १-० ने जिंकलेत. मध्येच पद्धत बदलली का? आणि ४-४-२ मध्ये (चार बॅक, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) मधोमध दोघंच असताना तीन मिडफिल्डरवाल्या टीम्सना तिथून वाट का मिळत नव्हती?

सेकंड_बॉल
सीझन मधोमध कापून बघा. पहिले १९ सामने: ३७ गोल केले, २५ खाल्ले, ३९ गुण. पुढचे १९: ३१ केले, फक्त ११ खाल्ले, ४२ गुण. नुसत्या काउंटर अटॅकवर हे जमत नाही.

पहिल्या नऊ सामन्यांत तर एकही क्लीन शीट (गोल न खाता सामना) नव्हती, १७ गोल खाल्लेले. सप्टेंबरात आर्सेनलने २-५ असं धुतल्यावर कोच रानिएरीने दोन्ही फुलबॅक (बाजूचे बॅक) बदलले. डे लाएट आणि श्लुप पुढे पळणारे, त्यांच्या पाठीमागे मैदान मोकळं पडायचं. त्यांच्या जागी सिम्पसन आणि फुक्स आले, ते आधी आपली जागा धरायचे. पहिली क्लीन शीट २४ ऑक्टोबरला पॅलेसविरुद्ध (त्यासाठी रानिएरीने कबूल केलेला पिझ्झा मग टीमला मिळालाच). चौघं बॅक एकमेकांना चिकटून बॉक्सच्या रुंदीत राहायचे, बाजू सरळ सोडून द्यायचे. क्रॉस येऊ दे, हवेतला बॉल मधले बॅक हुथ आणि मॉर्गन डोक्याने काढतातच, हा हिशोब.

ऑफसाइड_काका
मधल्या दोघांचं कोडं फक्त मिडफिल्डर कांतेने सुटत नाही, लोक ओकाझाकीला विसरतात. कागदावर स्ट्रायकर, पण बॉल समोरच्यांकडे गेला की तो मागे येऊन त्यांच्या होल्डिंग मिडफिल्डरला (बॅकच्या पुढे थांबणाऱ्याला) चिकटायचा. त्यामुळे मधोमध तीनास तीन. शिवाय विंगर माहरेझ आणि ऑलब्रायटन आत सरकायचे. कांते बॉल हिसकावणार, त्याचा जोडीदार ड्रिंकवॉटर पहिल्या-दुसऱ्या टचमध्येच फुलबॅकच्या पाठीमागे टाकणार. व्हार्डीची धाव त्याआधीच सुरू झालेली असायची. तिथे एक जादा टच घेतला की समोरच्यांची बॅक लाइन मागे सरकते आणि सगळा डाव फुकट.

सेकंड_बॉल
बरोबर. म्हणूनच पुढे १-० व्हायला लागलं. ६ फेब्रुवारीला मँचेस्टर सिटीला त्यांच्या घरी १-३ हरवल्यावर (हुथचे दोन) लेस्टरसमोर मोकळं खेळण्याची कुणाची तयारी राहिली नाही. पाठीमागे जागाच नसेल तर व्हार्डी पळणार कुठे? मग सेट पीस (कॉर्नर, फ्री किक), किंवा उशिरा स्ट्रायकर उलोआला आणून बॉक्समध्ये बॉल. नॉर्विचविरुद्ध ८९ व्या मिनिटाला त्याचाच गोल.

रिझर्व्ह_कीपर
डावपेच मान्य, पण वेळापत्रक विसरू नका. युरोपमध्ये सामने नाहीत, लीग कप हलकडून पेनल्टीवर संपला, एफए कप जानेवारीत टॉटनहॅमकडून. सगळे मिळून ४३ सामने. त्यामुळे तेच अकरा जण आठवड्यामागून आठवडा उतरले. वरून मोठ्या टीम्स मागे पडल्या: चेल्सी दहावे, मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचे ६६ गुण. लेस्टरचे ८१ आणि दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलचे ७१, हा फरक मात्र नशिबाने येत नाही. पुढच्या वर्षी कांते चेल्सीला गेला, अंगावर युरोपची चॅम्पियन्स लीग आली आणि लेस्टर ४४ गुणांवर बारावे.

डावा_विंगर
हीच मांडणी साध्या टीमने वापरली तर आधी काय बिघडतं?

ऑफसाइड_काका
स्ट्रायकर आणि बॅक यांच्यातलं अंतर. ते ३०-३५ मीटरच्या आत ठेवा. पुढचे दोघं प्रेस करायला (बॉलवाल्यावर दबाव टाकायला) धावले आणि बॅक मागेच थांबले की मधल्या दोघांना दुप्पट मैदान सांभाळावं लागतं, साठाव्या मिनिटाला त्यांचा दम संपतो. वेगवान स्ट्रायकर नंतर शोधा, आधी दोन स्ट्रायकरपैकी मागे यायचं कुणी ते ठरवा. आणि ओकाझाकीसारखा खेळाडू दमतोच, त्याची बदली आधीच ठरवून ठेवा. रानिएरी त्याला बहुतेकदा ९० मिनिटं ठेवत नसे.