अँड्र्यू मेलन: पेढीमालक, कारखानदार आणि राजदूत

प्रश्न
अमेरिकेतील पिट्सबर्गच्या अँड्र्यू मेलन (१८५५–१९३७) यांच्याविषयीची चर्चा बहुधा त्यांच्या अर्थमंत्रिपदापाशी आणि त्या काळातील प्राप्तिकरकपातीपाशीच थांबते. त्यांची पेढी, त्यांचे कारखाने आणि लंडनमधील राजदूतपद यांचा परस्परांशी काय संबंध होता, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १
तो संबंध त्यांच्या कर्ज देण्याच्या पद्धतीत आहे. वडील थॉमस मेलन यांची पेढी सांभाळताना त्यांनी नुसते व्याज मिळवण्यात समाधान मानले नाही. ज्या उद्योगात दम दिसला, त्याचे भागभांडवलही घेतले. चार्ल्स मार्टिन हॉल यांनी १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम स्वस्तात मिळवण्याची रीत शोधली. त्या रीतीवर उभ्या राहिलेल्या पिट्सबर्ग रिडक्शन कंपनीला मेलन यांच्या पेढीने कर्ज दिले आणि पुढे हे कुटुंब तिचे मोठे भागधारक झाले. हीच कंपनी नंतर अल्कोआ म्हणून ओळखली गेली. टेक्सासमध्ये १९०१ साली स्पिंडलटॉपला तेल लागल्यावर तेथील विहिरींमागेही त्यांचाच पैसा होता आणि त्यातून गल्फ ऑइल उभी राहिली. हॉल यांच्यासारख्या संशोधकाला वेळेवर भांडवल मिळाले, याचे श्रेय मेलन यांना द्यायलाच हवे.

प्रतिसाद २
श्रेय मान्य आहे, परंतु पुढचा भाग गंभीर आहे. १९२१ मध्ये मंत्री होताना त्यांनी संचालकपदे सोडली, कंपन्यांचे समभाग मात्र कुटुंबातच राहिले. अमेरिकेच्या अर्थमंत्र्याने व्यापारात गुंतू नये, असा कायदा १७८९ पासून होता. त्याच आधारे अमेरिकी संसदेतील टेक्सासचे प्रतिनिधी राइट पॅटमन यांनी जानेवारी १९३२ मध्ये महाभियोगाची मागणी केली. चौकशी पुरी होण्याआधीच राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी मेलन यांना लंडनला पाठवले. माझ्या मते ही नेमणूक सन्मानापेक्षा सुटकेची वाट अधिक होती.

प्रतिसाद ३
लंडनमध्येही हितसंबंध सुटले नाहीत. कुवेतमधील तेलाचा परवाना गल्फला हवा होता, पण तो ब्रिटिश कंपनीलाच मिळावा, असा ब्रिटिश सरकारचा आग्रह असे. स्वतःच्या कुटुंबाच्या कंपनीचा हा विषय राजदूत म्हणून मेलन यांच्याच टेबलावर आला. मार्च १९३३ मध्ये ते परतले. डिसेंबर १९३४ मध्ये कुवेतच्या शेख अहमद यांनी ज्या कंपनीला परवाना दिला, तिची निम्मी मालकी गल्फची आणि निम्मी अँग्लो-पर्शियन या ब्रिटिश तेलकंपनीची होती.