अनुभव धागा: पेरलं ते आपल्याच दारात उगवलं तेव्हा

वास्कोवाली

काल 5 ऑगस्ट, साष्टीतल्या राय गावात कणसाचं फेस्त, म्हणजे नव्या पिकाचा चर्चचा सण. मी मूळची नगरकडची, आमची उपासना मराठीतली, हरेगावच्या बाजूला ऊस आणि बाजरी बघत वाढलेली. लग्न होऊन गोव्यात आले तेव्हा पाद्री विळा घेऊन शेतात उतरतो आणि नव्या भाताची पहिली कणसं कापतो, हे इथेच पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून बायबलातल्या गलतीकरांस पत्रातलं ते वचन मला वेगळं ऐकू येतं: ‘माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल.’ अध्याय 6, वचन 7.

लहानपणी हे वचन म्हणजे निव्वळ धमकी होती. भावाला चिमटा काढला की आजी नुसतं ‘गलती सहा-सात’ म्हणायची आणि पुढचं आम्ही समजून घ्यायचं. त्याच अध्यायात पाच वचनं आधी ‘एकमेकांची ओझी वाहा’ असंही लिहिलंय, ते आजीने कधी सांगितलं नाही.

या विषयावर आपापले अनुभव लिहा. ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही. अट एकच: स्वतःच्या शेतातलं लिहायचं. शेजाऱ्याच्या पिकाचे पंचनामे नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. बचतगटाचा हप्ता थकला होता आणि गटातल्या बाईचे फोन यायचे. मी मुलाच्या हातात फोन द्यायचे, ‘सांग, आई आंघोळीला गेलीय.’ तेव्हा तो सात वर्षांचा. नववीत गेल्यावर क्लासच्या सरांचा मला फोन आला, तीन महिन्यांची फी पोचली नव्हती. मी दर महिन्याला पैसे त्याच्या हातात देत होते. विचारलं तर डोळ्याला डोळा देऊन शांतपणे म्हणाला, ‘सर विसरले असतील.’ तो सूर माझाच होता. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

खारवट

ताई, स्वतःच्या शेतातलं म्हणालात म्हणून लिहितो. नाहीतर ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

आमचं तिसवाडीत खाजन. बाहेरच्यांसाठी सांगतो: नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध आणि बांधात पाण्याची दारं, तिला आम्ही मानस म्हणतो. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. माणसाने हात लावायची गरजच नसते. आमच्या जुन्या लोकांची अक्कल ती. सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं, मासळी आपोआप येते. या मासळीचा लिलाव होतो.

एका वर्षी तो मी घेतला. बोली चढली, पैसे अंगावर आले. मग भरतीच्या वेळी दाराच्या फटीत लाकडाचा एक ओंडका घालायला लागलो. हातभर लांब, इतकाच. दार पूर्ण मिटत नाही, पाणी जास्त आत येतं, त्याबरोबर सुंगटंही, म्हणजे कोळंबी. आठ दिवस केलं, कुणाला कळलं नाही. महिना केला. पाणी एकाच जागी घुसून बांधाची माती आतून खात होतं, ते मलाही कळलं नाही. अमावास्येच्या मोठ्या भरतीला बांध फुटला.

खारं पाणी सगळ्यांच्या शेतात गेलं. माझं शेत मानशीला सर्वांत जवळ, म्हणून सर्वांत आधी. जमीन गोडी व्हायला पावसाळेच्या पावसाळे जावे लागतात. पुढची तीन वर्षं मी घरचा भात खाल्ला नाही, दुकानातून आणला. हे झालं माझं. पण शेजारच्या म्हातारीनेही तीन वर्षं दुकानातूनच आणला आणि तिने काही पेरलं नव्हतं. त्या वचनाचा हा भाग मला अजून गिळता येत नाही.

आता पुन्हा भात करायचं म्हणतोय. खाऱ्या जमिनीत आमचं जुनं कोरगूट भातच तग धरतं, पण बियाणं संपलंय. बांध फुटला त्या वर्षी पेरलेलं सगळं गेलं.

डिचोलीकर

माझं थोडक्यात. खनिजाच्या दिवसांत दोन ट्रक घेतले, शेत पडीक टाकलं. वडील म्हणायचे, निदान वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात तरी कर. मी म्हणायचो, एका खेपेत मी तुमच्या वर्षाचं कमावतो. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद. ट्रक बँकेने नेले. शेतात गेलो तर कमरेएवढं रान आणि खाली लाल गाळ. त्या गाळातली एखाददुसरी खेप माझ्याच ट्रकमधून सांडलेली असणार.

बार्देशी

आमच्या वाड्यावर एकाने भावाची जमीन लाटली. त्याला पुढे मुलगा झाला तो अपंग. देव बघतो बरं!

वास्कोवाली

बार्देशीबाब, नेमकं हेच नको म्हटलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य हेच विचारतात: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. आणि त्याचे डोळे बरे करतो. त्या पोराचं नाव या हिशेबात घेऊ नका. तुमचं स्वतःचं काही असेल तर जरूर लिहा.

पेडण्याची

मी उलटं लिहिणार आहे, चालेल ना? आईचं अंथरूण मी अकरा वर्षं काढलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. घड्याळाचा गजर आजही मला सहन होत नाही. भाऊ चवथीला यायचा, मोदक खायचा, जायचा. आई गेली. घर त्याच्या नावावर. मी भाड्याच्या खोलीत.

पेरलं ते उगवतं म्हणे. माझं कुठे उगवलंय ते कुणी दाखवावं. गलतीच्या त्याच अध्यायात, नवव्या वचनात, पीक ‘यथाकाळी’ मिळेल असा शब्द आहे हे मला माहीत आहे, माझी मैत्रीण मला तो दर भेटीत ऐकवते. मी बावन्न वर्षांची आहे.

वास्कोवाली

मी ऐकवणार नाही. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

कुळागरी

आम्ही फोंड्याकडचे, हिंदू. पण मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या फेस्ताला तेल घेऊन म्हापशाला जातो. ती आमच्या शिरगावच्या लईराई देवीची बहीणच ना!

आमचा माल सुपारी. वाळवून सोलायची, पोती भरून व्यापाऱ्याकडे. सासूबाईंचा एक नेम होता, अर्धी ओली सुपारी सुक्यात मिसळायची नाही. ओली जड असते, वजन वाढतं, पण आठवड्याभरात बुरशी धरते. त्या गेल्यावरही व्यापारी आमची पोती उघडून बघत नसे. काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा, पैसे. बाजूच्याचं पोतं मात्र खालपर्यंत ढवळायचा. मला वाटायचं, हा मान माझा.

एका वर्षी पाऊस लांबला, मुलीच्या कॉलेजचा खर्च होता. दोन पोत्यांच्या तळाला ओली भरली, वर चांगली. त्याने उघडलं नाही, नेहमीसारखे पैसे दिले. येताना बसमध्ये मला घाम.

पुढल्या वर्षी गेले. तो काही बोलला नाही. चहा मागवला, घरची चौकशी केली. मग पोत्याची सुतळी सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तळाची मूठ काढून उजेडात धरली. सुपारी खडखडीत सुकी होती. त्या वर्षी मी एकेक दाणा बघून भरला होता. तरी मान खाली गेली. आता दर वर्षी तो हात घालतो. चहाही देतो.

बार्देशी

ताई, वरचं मागे घेतो. मुलाबद्दल लिहायला नको होतं. माझंही आहे, पण इथे लिहिण्यासारखं नाही. भावाच्या घरी जाऊन येतो.

हळसांदो

@खारवट, कोरगूट किती हवं? माझ्या आईने मडक्यात राख घालून ठेवलेलं असतं, दर वर्षी नवं भरून जुनं कुटतो. वीस किलो सहज निघेल. उगवण मागच्या वर्षी चांगली होती, तरी आधी मूठभर ओल्या फडक्यात बांधून मोड बघा.

खारवट

मिळालं तर उपकार होतील. यंदाची पेरणी गेलीच, पुढल्या जूनसाठी जपून ठेवीन. पैसे किती?

हळसांदो

बियाण्याचे पैसे आई घेत नाही. पीक आलं की तेवढंच परत, म्हणते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ती मिरच्या घेऊन बसते, दहाच्या आत या. आणि पोतं तुमचं आणा, आमच्याकडे एकच आहे.

खारवट

दोन आणतो. एक शेजारच्या म्हातारीसाठी.