हिपॅटायटिस बी, यकृताचा कर्करोग आणि जनुकांतील फरक

राजारामपुरी, कोल्हापूर : वडिलांना हिपॅटायटिस बी आहे आणि आता यकृतात ४ सेंटिमीटरची गाठ निघाली आहे. तोच विषाणू अंगात असलेले काका मात्र सत्तरीतही रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात. हा फरक जनुकांमुळे पडतो का, आणि जनुकीय तपासणीवरून वडिलांचे आयुर्मान सांगता येईल का?

उत्तर : जनुकांचा वाटा आहे, पण जन्मतः मिळालेले फरक आणि गाठीत नंतर घडलेले बदल वेगळे समजावेत. नंतरचे बदल असे घडतात : हा विषाणू आपला डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत घुसवतो. शिवाय बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष, कर्करोगाला आवर घालणाऱ्या टीपी५३ या जनुकात २४९ व्या स्थानी ठरावीक बिघाड घडवते, म्हणून काळपट, खवट दाणे खरोखरच फेकून द्यावेत. वडिलांच्या बाबतीत मात्र गाठींची संख्या व आकार, गाठीचा यकृताच्या शिरेतील शिरकाव आणि यकृताची उरलेली ताकद यांवरच डॉक्टर अंदाज बांधतात.

दुसरे उत्तर : काकांनी निर्धास्त राहू नये. सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कठीण होणे) नसतानाही हा कर्करोग होतो, त्यामुळे दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. वडिलांची विषाणूविरोधी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका, आणि तुम्ही भावंडांनी याच आठवड्यात एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ओळखणारी रक्तचाचणी) तपासून घ्या.

राजारामपुरी, कोल्हापूर : आभारी आहे. आम्ही तिघे भावंडे उद्या सकाळीच रक्त देतो.